विरोधात कोण बोलणार?

आमची जीएस कुठलाही ठराव विरोधाशिवाय मंजूर होऊ देत नसे. मग तो कॅन्टीनच्या चहाबद्दलचा का असेना. विद्यार्थी परिषदेच्या बैठकीत कोणी काही मांडलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, की ती टेबलावर दोन बोटांनी टकटक करायची आणि विचारायची, "विरोधात कोण बोलणार?" कोणी उठलं नाही तर स्वतः उठायची. ओढणीची कमरेला गाठ मारायची आणि ज्या ठरावाला तिचा मनापासून पाठिंबा असायचा, त्याच्याच चिंधड्या उडवायची. मग खाली बसून म्हणायची, "झालं. आता घ्या मतदान."

जीएस म्हणजे जनरल सेक्रेटरी. कल्याणच्या आमच्या कॉलेजात तेव्हा विद्यार्थ्यांच्या निवडणुका होत नसत. वर्गात पहिली आलेली मुलं प्रतिनिधी व्हायची आणि त्यांच्यातून एक जीएस निवडला जायचा. मी तिथे राज्यशास्त्र शिकवत होतो आणि परिषदेचा प्रभारी शिक्षक होतो. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. त्या वर्षी कॉलेजात असलेल्यांसाठी ते लिहावं लागणार नाही, आणि इतरांना तिची गोष्ट कळली तरी पुरे. खरं तर अनेकांना ती माझ्याच तोंडून कळली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत, एका पुस्तक प्रकाशनाच्या वेळी, आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मी 'स्वतःचाच ठराव पाडणारी जीएस' हा किस्सा रंगवून सांगितलेला आहे. लोक हसले आहेत. तो किस्सा खोटा आहे.

चहाचं आधी सांगतो, म्हणजे तिची पद्धत कळेल. प्लॅस्टिकचे कप बंद करून कॅन्टीनमध्ये काचेच्या ग्लासात चहा द्यावा, असा ठराव आला होता. पर्यावरणाचा विषय, विरोध कोण करणार? हिने केला. म्हणाली, "ग्लास विसळणार कोण? मावशी एकट्या आहेत. त्यांचा उजवा हात आत्ताच वर होत नाही. आपण पर्यावरण वाचवायचं आणि मावशींचा खांदा घालवायचा, असं ठरलंय का?" मग त्याच ठरावात भर पडली, की ज्याने त्याने आपला ग्लास विसळून ठेवायचा. ती व्यवस्था मी निवृत्त होईपर्यंत चालू होती. विरोधाचं भाषण झालं नसतं तर आठवड्यात प्लॅस्टिकचे कप परत आले असते.

ही पद्धत तिने माझ्याकडून घेतली होती. मी वादविवाद मंडळ चालवत असे. पहिल्या वर्षाच्या मुलांना माझा नियम होता: आपल्याला पटणाऱ्या बाजूने बोलायचं असेल, तर आधी न पटणाऱ्या बाजूने बोलून दाखवा. स्पर्धेत ढाल जिंकण्यासाठीची ती युक्ती होती. ती सगळीकडे वापरायची असते असं मी कधी म्हटलं नव्हतं. पण ती कल्याणजवळच्या मोहन्याहून येणारी, तेलानं चापून वेणी घातलेली मुलगी पहिल्याच तासाला म्हणाली, "सर, हे भारी आहे. म्हणजे समोरच्याच्या आधी आपणच आपल्याला हरवून बघायचं."

बैठकीचं वळण मात्र तिला घरून लागलेलं होतं. तिचे वडील मोहन्याच्या फॅक्टरीत होते. ती नोकरी गेल्यावर ते रिक्षा चालवू लागले, आणि त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या कमिटीचं काम पाहायचे. लहानपणापासून ती त्यांच्या मांडीवर बसून सभा ऐकत आलेली. कोणी प्रतिनिधी दुसऱ्यावर भडकला की ती म्हणायची, "अरे, त्याच्याकडे नको बघू. खुर्चीकडे बघून बोल." मी एकदा विचारलं, हे काय? तर म्हणाली, "पप्पा सांगतात. माणसाकडे बघून बोललं की हात उचलला जातो, खुर्चीकडे बघून बोललं की फक्त आवाज वाढतो."

एकदा त्या वडिलांच्याच रिक्षात बसण्याचा योग आला. मी कोण ते कळल्यावर त्यांनी आरशातून हात जोडले. म्हणाले, "सर, तुम्ही शिकवलेलं घरात फार महागात पडतंय बघा. हिच्या मावशीने स्थळ आणलेलं. आई म्हणाली, चांगलं आहे. तर ही म्हणते, आई बाजूने बोलली, आता पप्पा, तुम्ही विरोधात बोला."

"मग?"

"मग काय! बोललो. एवढं चांगलं बोललो की स्थळच गेलं." आणि हसता हसता त्यांनी सिग्नल सोडला.

तो जानेवारी महिना मला अजून दिसतो. गॅदरिंग जवळ आलं होतं, क्रीडा महोत्सव होता, वार्षिक अंकाचं काम होतं, आणि कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरची समिती येणार म्हणून प्रत्येक गोष्टीची एक उपसमिती निघाली होती. जीएस या सगळ्यांवर. एका बैठकीतून उठून दुसऱ्या बैठकीला जाताना जिन्यात भाकरीचा तुकडा मोडायची. डबा उघडाच असायचा, मैत्रीण तो धरून मागून चालायची. व्हॉट्सअॅप तेव्हा नवं होतं. इतर मुलं त्यावर विनोद पाठवायची, ही पाठवायची: 'सर्व वर्गप्रतिनिधींना कळविण्यात येते की बैठक ठीक अकरा वाजता सुरू होईल. उशिरा येणाऱ्यांची कारणे ऐकून घेतली जातील, मान्य केली जातीलच असे नाही.' स्टाफरूममध्ये आम्ही ते एकमेकांना वाचून दाखवायचो.

पण या सगळ्या धावपळीत तिचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं: हजेरी. समिती येणार म्हणून संस्थेने हजेरीचा नियम कडक करायचं ठरवलं होतं. पंचाहत्तर टक्के भरली नाही तर नाव डिफॉल्टरांत, आणि परीक्षेला बसता येणार नाही. नियम जुनाच होता, पण तोपर्यंत आम्ही तो सैलसर पाळत होतो. आमचं कॉलेज सकाळचं. आणि आमच्याकडे सकाळी काम करून येणारी मुलं खूप. कोणी पेपर टाकून यायचं, कोणी दुधाच्या गाडीवरून. तिच्या वर्गातला संदेश कल्याणच्या घाऊक मार्केटात पहाटे भाजीचा माल उतरवायचा. पहिली दोन लेक्चरं त्याची बुडायचीच. तिसऱ्याला यायचा तेव्हा अंगाला कोथिंबिरीचा वास असायचा. घरात तो एकटाच कमावणारा होता, आणि पदवी मिळाली तर कुठेतरी कारकून म्हणून चिकटता येईल एवढंच त्याचं स्वप्न होतं.

जीएसने नियमाला पर्याय तयार केला. नोकरी करणाऱ्या मुलांनी कामाचा दाखला आणावा, बुडालेल्या तासांबद्दल दुपारी लायब्ररीत बसून लेखी काम करावं, आणि त्यांना हजेरीत सवलत मिळावी. त्यासाठी ती वर्गावर्गात फिरली, ग्रंथपालांना दुपारी खोली उघडी ठेवायला राजी करून आली, दोन प्राध्यापकांना तिने लेखी काम तपासायला तयार केलं. संदेश तिला चिडवायचा, "जीएस, माझ्यासाठी एवढं करतेयस, लोक काय म्हणतील?" ती म्हणायची, "म्हणू दे. तू आधी अंघोळ करून येत जा, मग लोक काहीतरी म्हणतील."

या ठरावावरच्या अंतिम बैठकीच्या आदल्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. म्हणाली, "सर, उद्या विरोधात बोलायला कोणी तयार नाही. सगळी मुलं बाजूने आहेत, आणि ज्या सरांचा विरोध आहे ते म्हणतात आम्ही बोलणार नाही, संस्थेचे अध्यक्ष बघतील. म्हणजे मलाच बोलावं लागणार. तुमचे मुद्दे द्या ना."

माझे मुद्दे, कारण माझा त्या ठरावाला विरोध होता आणि तो तिला माहीत होता. रिकाम्या बाकांसमोर शिकवून मी कंटाळलो होतो. सवलत दिली की उद्या प्रत्येक जण कामाचा दाखला आणेल, वर्ग ओस पडतील, आणि जो खरोखर गरीब आहे त्यालाच शिक्षण कमी मिळेल, असं मला मनापासून वाटायचं. मी अर्धा तास बोललो. ती गालाला हात लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सर, हे तर मी ठरवलेल्यापेक्षा चांगलं आहे. आता उद्या कळेल माझ्या ठरावात दम आहे की नाही."

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष खुर्चीत होते, शेजारी प्राचार्य, मग मी, काही प्राध्यापक आणि सगळे वर्गप्रतिनिधी. तिने ठराव मांडला. संदेशचं नाव न घेता संदेशची सकाळ सांगितली. मग टेबलावर टकटक केली. "विरोधात कोण बोलणार?" कोणी उठलं नाही. "मग नेहमीप्रमाणे मीच बोलते," असं म्हणून तिने ओढणीला गाठ मारली.

त्या भाषणाबद्दल लिहिताना मला आजही लाज वाटते, ती तिची नव्हे. ते भाषण माझं होतं. माझे मुद्दे, माझी उदाहरणं, आणि तिच्या तोंडी ती माझ्यापेक्षा कितीतरी धारदार झालेली. मी ऐकत होतो आणि खुशीत येत होतो. तीस वर्षांत वर्गात जे मला नीट सांगता आलं नाही, ते ही मुलगी सांगत होती. तिने शेवट केला, ओढणीची गाठ सोडली आणि म्हणाली, "झालं. आता घ्या मतदान."

अध्यक्ष हसले. म्हणाले, "मतदान कशाला? सेक्रेटरीबाईंनी दोन्ही बाजू मांडल्या, आणि दुसरीच जास्त चांगली मांडली. त्यांना स्वतःलाच पटलेलं दिसत नाही. विषय संपला." मग माझ्याकडे वळून, "बरोबर ना, सर?"

एक वाक्य पुरलं असतं. 'साहेब, ही आमची पद्धत आहे, ठराव अजून जिवंत आहे, हात वर करून घ्या.' खोलीतला दुसरा कोणी ते बोलू शकत नव्हता. मुलांना अध्यक्षांसमोर बोलायची सवय नव्हती आणि प्राध्यापकांना इच्छा नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. घाबरून नव्हे, अगदी निवांतपणे, कारण सर आता सांगतीलच अशी तिला खात्री होती.

मी मान हलवली.

"सर, मतदान?" ती हळू आवाजात म्हणाली. तोपर्यंत अध्यक्षांनी गॅदरिंगच्या मांडवाचा विषय काढला होता. मी तिला हातानेच 'बस' अशी खूण केली. ती बसली. मतदान झालं असतं तर हात तिच्या बाजूने जास्त होते. ते मला तेव्हाही माहीत होतं.

बैठकीतला त्या भाषणाचा तेवढा भाग कोणीतरी मोबाईलवर घेतला होता. खोडी काढायला घेतला नसावा. ती चांगली बोलायची, मुलं नेहमीच घ्यायची. पण संध्याकाळपर्यंत तो कॉलेजभर फिरला, आणि त्यात फक्त दुसरं भाषण होतं. 'मॅनेजमेंटची जीएस' हे नाव तिला दुसऱ्याच दिवशी पडलं. परिषदेच्या बैठकांना येणाऱ्या मुलांना पद्धत माहीत होती, पण ती मोजकी. कॉलेजात हजारो मुलं. जी पहाटे काम करून यायची, ती तर अशा बैठकांना कधी येतच नव्हती.

संदेशने तिला गेटबाहेर गाठलं तेव्हा मी रिक्षाची वाट बघत पलीकडे उभा होतो. तो ओरडला नाही. म्हणाला, "जीएस, तू छान बोलतेस. दोन्हीकडून."

"अरे, ऐकून तर घे. ती पद्धत आहे आमची. सरांना विचार."

"विचारतो ना. सर काय बोलले तिथे?"

तिची नजर रस्त्यापलीकडे गेली. तिने मला पाहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. रिक्षा आली, मी बसलो.

दोन दिवसांनी ती माझ्याकडे आली. उभीच राहिली. "सर, एक करा फक्त. वर्गावर्गात तोंडी सांगा, की ही आपली पद्धत आहे, मंडळात तुम्ही शिकवलेली. आणि मुद्दे तुमचे होते. मी सांगून कोणी ऐकत नाहीये. तुम्ही सांगितलंत तर संदेश तरी ऐकेल. फेरविचाराचा अर्ज करायला अजून वेळ आहे, त्याने सह्या गोळा केल्या तर ठराव परत आणता येईल. पण तो माझ्याशी बोलतच नाही."

मी काय म्हणालो ते शब्दशः सांगतो. म्हणालो, "थोडे दिवस जाऊ देत. मुलांचा राग असतो, आपोआप शांत होतं."

माझ्या निवृत्तीचं ते वर्ष होतं. एप्रिलमध्ये निरोप समारंभ. मुद्दे माझे होते असं वर्गात उभं राहून सांगितलं असतं, तर त्या मुलांनी मला काय नाव ठेवलं असतं, याचा मी विचार केला होता. तिला पडलेलं नाव मला नको होतं.

"बरं सर," ती म्हणाली आणि गेली. माझ्या बोलण्याच्या विरोधात कोण बोलणार, हे तिने त्या दिवशी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तिने पद सोडलं. कारण लिहिलं, अभ्यास. संदेशचं नाव डिफॉल्टरांत लागलं आणि तो कॉलेजात यायचाच बंद झाला.

निरोप समारंभात मला शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळालं. नव्या जीएसने ते वाचलं. त्यात एक ओळ होती: 'न पटणारी बाजूही पूर्ण ऐकल्याशिवाय मत देऊ नये, हे सरांनी आम्हाला शिकवले.' टाळ्या पडल्या. मजकूर छान झालाय, असं मी त्या मुलाला म्हटलं, तर तो म्हणाला, "आधीच्या जीएसने डिसेंबरमध्येच लिहून ठेवलेला, सर. आम्ही काही बदललं नाही." ती सभागृहात नव्हती.

त्यानंतर मी मुलाकडे ठाण्याला, घोडबंदर रोडवर राहायला आलो. एकविसाव्या मजल्यावरून रस्त्यावरच्या न हलणाऱ्या गाड्या बघत बसतो. वेळ भरपूर, आणि ऐकणारी माणसं हवी असतात. अशातच तो किस्सा तयार झाला. सांगताना मी तिची नक्कल करायचो, ओढणीच्या गाठीसकट. शेवटी 'आणि पोरीने स्वतःचाच ठराव पाडला!' असं म्हटलं की हमखास हशा यायचा. इतक्यांदा सांगितला की मधली माझी हललेली मान मलाच दिसेनाशी झाली होती.

मागच्या महिन्यात कल्याणच्या जुन्या घराच्या कागदांसाठी प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाकडे गेलो होतो. पायरीवर मागून आवाज आला, "सर, रेलिंग धरा, ती पायरी सैल आहे." काळा कोट, कानाजवळचे दोन केस पांढरे. मी ओळखलं. तिनेच चहाच्या टपरीवर बाकावर नेऊन बसवलं.

"वकील झालीस."

"हो. आता एकाच बाजूने बोलते, सर. दोन्ही बाजूंचं वकीलपत्र घेता येत नाही ना." आणि खळखळून हसली. वडील बरे आहेत, रिक्षा भावाकडे दिली, असं सांगितलं. संदेशबद्दल मीच विचारलं. "बरा आहे. मार्केटात दुसऱ्याच्या गाळ्यावर वजनकाट्याला बसतो. भेटला की हसतो. बोलत नाही. बी.ए. राहिलं ते राहिलंच."

मग मी सगळं बोललो. मान हलवली ते, नंतर गप्प बसलो ते, आणि इतकी वर्षं किस्सा सांगत हिंडलो तेही. माझा आवाज चढला असावा, टपरीवाला बघायला लागला. ती शांतपणे ऐकत होती, गालाला हात लावून, तशीच.

माझं संपल्यावर तिने बाकावर दोन बोटांनी टकटक केली. "मांडलंत. आता विरोधात कोण बोलणार?"

मी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "मग मीच बोलते," ती म्हणाली. आणि ती माझ्या बाजूने बोलली. अध्यक्षांसमोर त्या कॉलेजात आजवर कोण बोललं होतं? सरांचा ठरावाला विरोध होता आणि तो प्रामाणिक होता. त्यांचे मुद्दे जिंकत असताना ते कशाला उठतील? चूक तिचीच, घरच्यांसमोर चालणारी पद्धत तिने परक्यांसमोर वापरली. तिने वीस-बावीस वर्षांच्या मुलीसारखा विश्वास ठेवला, आणि त्याचं ओझं साठीच्या माणसावर टाकणं बरं नव्हे. एकेक मुद्दा ती मांडत गेली, आणि त्यातला प्रत्येक मी कधी ना कधी स्वतःशी घोकलेला होता. तिच्या तोंडून तो इतका स्वच्छ वाटला की मी जवळजवळ सुटलो.

तेवढ्यात तिचा अशील तिला शोधत आला. ती उठली, फायली काखेत मारल्या. मी विचारलं, "मग? काय ठरलं?"

"मी कोण ठरवणार? मी फक्त बोलले." जाता जाता वळली. रागावलेली नव्हती, तेच मला फार लागलं. "पण सर, या वेळी मतदान घ्या. नुसती मान हलवू नका."

म्हणून हे लिहिलं. तिने तो ठराव पाडला नव्हता. तिच्या ठरावावर मतदान झालंच नाही, आणि ते मी होऊ दिलं नाही. विरोधाचं जे भाषण तुम्ही पाहिलं असेल ते माझं होतं. ज्यांनी ज्यांनी तो किस्सा माझ्याकडून ऐकला आहे, त्यांनी तो आता असा ऐकावा.

हे छापून येईल तेव्हा येईल. त्याआधी येत्या सोमवारी मी कल्याणच्या मार्केटात जाणार आहे. संदेश बसतो तो गाळा विचारून ठेवला आहे. त्याने मला 'सर काय बोलले तिथे?' असं विचारलं नव्हतं, तिला विचारलं होतं. उत्तर मात्र माझ्याकडेच होतं. मी आधी त्याला तिचा ठराव सांगणार आहे, अगदी पहिल्यापासून, दुपारच्या लायब्ररीसकट. तो माझ्याशी बोलला नाही तरी चालेल. तिच्याशी बोलावा.